वरच्या काचेत लख्ख, निगेटिव्हवर धूसर: दोन लेन्सच्या कॅमेऱ्याचा फोकस पुन्हा पुन्हा का चुकतो

आजी ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर साधारण दीड मीटरवर मांडी घातली, कॅमेरा पोटाशी धरला, हूडमधलं (वरच्या काचेभोवतीच्या आडोशातलं) भिंग उघडलं आणि तिच्या डोळ्यांवर फोकस केला. नॉब पुढेमागे करून दोनदा खात्री केली. आठवड्याने रोल धुऊन आला. सुपातला दाणा न् दाणा मोजता येईल इतका स्पष्ट, आणि आजीचे डोळे धूसर.

कॅमेरा मामाचा. यशिका मॅट १२४ जी, १९७० साली बाजारात आलेलं मॉडेल. मामाचा कराडला स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो असं सगळं त्याने याच कॅमेऱ्यावर काढलं. स्टुडिओ बंद झाल्यावर तो कपाटात पडून राहिला आणि शटर आखडलं. मी तो पुण्यात एका ठिकाणी साफसफाईला दिला, आणि परत आला तो हा दोष घेऊन. पुढच्या वर्षभरात हा दोष एकदा गेला आणि नंतर नेमका उलटा होऊन परत आला. तो का गेला आणि का आला हे कळेपर्यंत माझे सहा रोल गेले. आज रोलची किंमत आणि त्यावर मिळणारे बाराच फोटो बघता तुमचे तेवढे जाऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

कॅमेऱ्याची रचना दोन ओळींत

खालची लेन्स फोटो काढते, वरची फक्त आपल्याला दाखवते. वरच्या लेन्समागे ४५ अंशांत आरसा असतो, आरशावर आडवी घासलेली काच म्हणजे ग्राउंड ग्लास, आणि तिच्यावर हूड. दोन्ही लेन्स एकाच पुढच्या पाटीवर बसवलेल्या असतात आणि फोकसचा नॉब फिरवला की पाटी पुढेमागे सरकते. ब्राउनश्वाइगच्या फ्रांके अँड हायडेके कंपनीने १९२९ मध्ये पहिला रोलायफ्लेक्स काढला, त्यातही हेच होतं आणि चार दशकांनंतरच्या माझ्या यशिकातही हेच आहे.

या कॅमेऱ्याचा जीव याच रचनेत आहे. मान खाली घालून बघायचं असल्यामुळे समोरच्या माणसाला आपण रोखून बघतोय असं वाटत नाही. मंडईत भाजीवालीच्या तोंडासमोर मोबाइल धरला तर ती पदर सारखा करून ताठ बसते. पोटाशी हा डबा धरून उभं राहिलं तर ती गिऱ्हाइकाशी बोलत राहते. बटण दाबल्यावर चित्र क्षणभरही काळं होत नाही, कारण वरची लेन्स उघडीच असते. शटरचा आवाज बोट चटकन मोडावं एवढाच. पण हे सगळं एका विश्वासावर उभं आहे: वर जे स्पष्ट दिसतंय तेच खाली फिल्मवर स्पष्ट पडतंय. एका लेन्सच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात बघायची आणि फोटो काढायची लेन्स एकच असते. इथे दोन वेगळ्या लेन्स आहेत आणि त्या जुळलेल्या असाव्या लागतात. जुळणी अर्धा मिलिमीटर हलली तर दीड मीटरवर फोकस जवळजवळ १५ सेंटिमीटर सरकतो. हा ८० मिलिमीटरच्या लेन्सचा हिशोब आहे आणि यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना साधारण तीच लेन्स असते.

आधी निगेटिव्ह नीट बघा

धूसर फोटो म्हणजे फोकस चुकलाच असं नाही. मोबाइलची स्क्रीन पूर्ण पांढरी करून त्यावर निगेटिव्ह ठेवा आणि भिंगातून बघा. शोधायचं एकच: चौकटीत कुठेही, कुठलीही गोष्ट टोकदार स्पष्ट आहे का? पुढचं सूप, मागची भिंत, पायाजवळची फरशी, काहीही. सापडली तर फोकस चुकलाय. काहीच स्पष्ट नसेल आणि चमकणारे ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे लांबट दिसत असतील, तर हात हललाय. सगळीकडेच दुधाळ पडदा असेल तर लेन्समध्ये बुरशी किंवा धुरकटपणा आहे. त्याचा या लेखाशी संबंध नाही.

दुसरी गोष्ट, त्याच रोलवरचे उन्हातले फोटो बघा. माझ्या रोलवर उन्हात काढलेले सहा फोटो उत्तम होते. म्हणून पहिले दोन रोल मी स्वतःलाच दोष देत राहिले: माझी नजर चुकली, माझा हात हलला. खरं कारण झाकण्यात लेन्सच्या छिद्राचा हात होता. एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान आणि स्पष्ट पट्टा रुंद. ४०० च्या (जास्त वेगाच्या) रोलवर भर उन्हात आपण एफ ११ किंवा १६ वर असतो. एफ १६ वर दीड मीटरला पुढेमागे मिळून अर्ध्या मीटरहून जास्त पट्टा स्पष्ट येतो, आणि चूक त्यात जिरून जाते. ओसरीत, खोलीत, संध्याकाळी आपण एफ ३.५ वर येतो आणि तो पट्टा जेमतेम १२ सेंटिमीटर उरतो. उन्हात चांगला आणि सावलीत बिघडलेला असा कॅमेरा असेल तर तुमच्या नजरेवर शंका घेण्याआधी कॅमेऱ्यावर घ्या.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी

हूडमधलं भिंग न वापरता नुसत्या काचेवर फोकस करत असाल तर ते आधी थांबवा. कंबरेच्या उंचीवरून सहा सेंटिमीटरच्या काचेवर डोळ्यांच्या पापण्या दिसत नाहीत, दिसल्याचा भास होतो. चाळिशी लागली असेल तर चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय दोन्ही करून बघा. ग्राउंड ग्लासचे बारीक कण ज्यात टोकदार दिसतात ते तुमच्यासाठी बरोबर.

१२४ जीच्या पाठीमागच्या झाकणात फिल्म दाबून धरणारी प्लेट असते. ती दोन जागी सरकते, बारा फोटोंच्या रोलसाठी आणि चोवीसच्या. ती चोवीसवर राहिली असेल तर १२० चा, म्हणजे नेहमीचा बारा फोटोंचा, रोल नीट बसत नाही. झाकण उघडून ते बघून घ्या, दहा सेकंदांचं काम. आणि रोल अर्धा वापरून कॅमेरा महिनाभर ठेवला असेल तर रुळावर वाकून राहिलेला फिल्मचा भाग पुढच्या फोटोच्या चौकटीत येतो आणि तिथे फिल्म सपाट राहत नाही. म्हणून मी हँडल फोटो काढून झाल्यावर फिरवत नाही, पुढचा फोटो काढायच्या वेळी फिरवते.

इथे काही सापडलं नाही तर पुढची चाचणी करा. या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

खालची लेन्स काय बघते ते डोळ्यांनी बघा

मी मामाला फोन करून तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, "अगं, वरचं काय बघत बसलीस? वरची लेन्स म्हणजे आरसा. आधी खालची काय म्हणते ते बघ." त्याने फोनवर सांगितलेली रीत अशी.

फ्रेमवाल्याकडून साध्या काचेचा ६ बाय ८ सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्या, कडा घासून. त्याच्या एका बाजूला दुधाळ, चमक नसलेली चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. झाली ग्राउंड ग्लास. कॅमेरा रिकामा करून तिपाईवर लावा, मागचं झाकण उघडा. लेन्स पूर्ण उघडी, एफ ३.५ वर. शटर बीवर (बटण दाबून धरेपर्यंत ते उघडं राहतं) ठेवा आणि कुलूप असलेल्या केबल रिलीजने, म्हणजे बटण दाबायच्या तारेने, उघडंच अडकवून टाका.

आता फिल्मच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना बघा. तिथे उभ्या पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात. आतली जोडी किंचित खोल, तिच्यावर फिल्म टेकते. बाहेरची किंचित उंच, तिच्यावर प्रेशर प्लेट टेकते. काच आतल्या जोडीवरच बसली पाहिजे आणि चिकटपट्टीची बाजू लेन्सकडे हवी. पहिल्या वेळी माझी काच रुंद होती, बाहेरच्या पट्ट्यांवर टेकली, आणि चाचणीचं उत्तरच चुकलं. बोटाने हलकं दाबून बघा, काच डुगडुगता कामा नये.

डोक्यावरून गडद कापड घ्या. मी आईची जुनी इरकल घेतली होती. काचेवर समोरचं दृश्य उलटं, खाली डोकं वर पाय असं दिसेल. भिंग लावून बघा.

पहिलं लक्ष्य खूप लांबचं घ्या. माझ्या गच्चीवरून सिंहगडाचा टीव्हीचा मनोरा दिसतो, तो मी घेतला. कुठल्याही गावात पाण्याची लांबची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर चालेल. नॉब अनंतावर पूर्ण टेकवा. मागच्या काचेत मनोरा टोकदार दिसतो का? दिसला तर खालची लेन्स आणि फिल्मची जागा बरोबर आहे. नंतर तीच गोष्ट वर हूडमध्ये बघा.

माझ्याकडे मागे मनोऱ्याच्या सळया वेगवेगळ्या दिसत होत्या. वर मात्र तोच मनोरा लोण्यासारखा मऊ. वरच्या काचेत तो टोकदार होईपर्यंत नॉब फिरवला, तर खूण १० मीटरच्या जवळ आली होती. आठ-दहा मैलांवरचा मनोरा कॅमेऱ्याच्या मते दहा मीटरवर.

कुठल्या बाजूला चुकतंय त्यावरून दोष सापडतो

वरची प्रतिमा जुळवण्यासाठी तुम्हाला पाटी गरजेपेक्षा पुढे काढावी लागत असेल, तर खालची लेन्स माणसाच्या अलीकडे फोकस करते. सूप स्पष्ट, डोळे धूसर. लांबचा मनोरा वर स्पष्ट दिसतो तेव्हा नॉब अनंताच्या अलीकडे असतो. याचा अर्थ ग्राउंड ग्लासचा घासलेला पृष्ठभाग आरशापासून हवा त्यापेक्षा दूर आहे, किंवा वरची लेन्स गरजेपेक्षा आत आहे.

उलट, नॉब अनंतावर टेकला तरी वर मनोरा स्पष्ट होतच नसेल, तर फोकस माणसाच्या मागे पडतो. डोळे धूसर, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. म्हणजे घासलेला पृष्ठभाग जवळ आलाय, किंवा वरची लेन्स बाहेर आलीय.

माझं पहिलं प्रकरण फोकस माणसाच्या अलीकडे पडण्याचं होतं. पुढे वर्षभराने हूडचे बारीक स्क्रू काढले, हूड उचललं. ग्राउंड ग्लासची एक बाजू गुळगुळीत आणि एक घासलेली असते, आणि घासलेली बाजू खाली, आरशाकडे हवी. माझी वर होती. साफसफाईत काच काढून पुसून उलटी बसवली गेली होती. काच एक मिलिमीटर जाडीची असली तरी काचेतून प्रकाश वळत असल्यामुळे प्रत्यक्षात फरक साधारण दोन तृतीयांश मिलिमीटरचा पडतो. दीड मीटरवर तो होतो २० सेंटिमीटर. आजीचे डोळे आणि तिच्या मांडीवरलं सूप यांच्यात साधारण तेवढंच अंतर होतं.

साध्या काचेचा ग्राउंड ग्लास असेल तर हूड न काढताही अंदाज येतो. ट्यूबलाइटखाली कॅमेरा तिरका धरा. काचेच्या वरच्या बाजूला ट्यूबचं स्वच्छ प्रतिबिंब दिसलं तर गुळगुळीत बाजू वर आहे, ठीक आहे. प्रतिबिंब पसरट, फिकट दिसलं तर काढून बघा. काढताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो घ्या. काही कॅमेऱ्यांत काचेबरोबर बारीक वर्तुळांची फ्रेनेल पट्टीही असते आणि थरांचा क्रम बदलला की नवा घोळ. खालच्या आरशाला बोट लावू नका. त्याचा चकाकता थर काचेच्या पुढच्या बाजूवर असतो, घासला की निघून येतो. धूळ फुंकणीने उडवा आणि तेवढ्यावर थांबा. कोणी त्या जागी घरगुती आरशाचा तुकडा बसवला असेल, तर चमकत्या गोष्टींची दुहेरी सावली दिसते. तो बदलूनच घ्यावा लागतो.

एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली की काय होतं

काच उलटी आहे हे मला असं वर्षभराने कळलं. सुरुवातीला मी फक्त तक्रार घेऊन कॅमेरा परत दिला होता, आणि तो दुरुस्त होऊन आला. फोकस बरोबर! मी आनंदात तीन रोल काढले. मग जुनी काच फार काळवंडलेली म्हणून नवी, उजळ काच मागवली आणि सूचनेप्रमाणे घासलेली बाजू खाली ठेवून बसवली. पुढच्याच रोलवर मावशी धूसर आणि तिच्या मागचं कॅलेंडर स्पष्ट.

झालं असं होतं की दुरुस्तीत उलटी काच तशीच ठेवून वरची लेन्स आट्यांवर बाहेर फिरवली होती, दोन्ही जुळेपर्यंत. चूक दुसऱ्या चुकीने फिटली. काच सरळ होताच ती दुसरी चूक एकटी उरली आणि फोकस उलट्या बाजूला गेला. ज्याने फिरवली त्याने मन लावूनच काम केलं असेल, जुळणी अगदी अचूक होती. पण मूळ दोष सापडलेला नव्हता, म्हणून तो परत आला. तुमच्या कॅमेऱ्याचा फोकस दर दुरुस्तीनंतर बिघडत असेल तर असंच काही साठत आलंय का ते बघा.

जुळवायचं कसं

क्रम हाच ठेवा, मधली पायरी गाळू नका. प्रथम काच आणि आरसा मूळ जागी, सरळ. मग मागच्या काचेवर खालची लेन्स अनंतावर बरोबर आहे याची खात्री. ती बरोबर नसेल तर तिथेच थांबा. ते पाटी आणि शटरचं काम आहे, घरी करू नये. ती बरोबर असेल तर तिला अजिबात हात लावायचा नाही. वरची लेन्स तिच्याशी जुळवायची.

वरची लेन्स आट्यांवर बसवलेली असते आणि मॉडेलप्रमाणे छोट्या स्क्रूने किंवा कड्याने आवळलेली असते. आवळण सैल करा. नॉब अनंतावर ठेवून वरच्या काचेत मनोरा टोकदार होईपर्यंत लेन्स एकदम थोडी थोडी फिरवा. भिंग वापरा, दोन्ही बाजूंनी पलीकडे जाऊन परत मधे या. मला एका फेऱ्याच्या आसपास आत फिरवावी लागली. या कॅमेऱ्यात वरची लेन्स एफ २.८ आहे, खालचीपेक्षा मोठी, त्यामुळे वरचा स्पष्टतेचा बिंदू खालच्यापेक्षा अरुंद आहे आणि नेमका पकडता येतो.

मग दीड मीटरवर एक छापील कागद लावून तपासा. वर अक्षर टोकदार करा, मागच्या काचेत ते टोकदार आहे का बघा. अनंतावर जुळलं आणि जवळ जुळलं नाही, तर बहुधा पुढची पाटी सरकताना तिरकी होतेय. कॅमेरा कधीतरी पडलेला असणार. स्क्रू आवळला की त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब. वरच्या लेन्सवर झाकण किंवा लेन्सपुढचं हूड पिळून लावताना लेन्सच फिरू नये म्हणून.

शेवटी एक रोल. टेबलावर सात काडेपेट्या तिरक्या रांगेत, कॅमेऱ्यापासूनच्या अंतरात पाच पाच सेंटिमीटरचा फरक ठेवून लावल्या, मधलीवर एक खूण केली आणि तिच्यावर दीड मीटरवरून एफ ३.५ ला फोकस केला. निगेटिव्हवर मधली लख्ख आणि तिच्या अलीकडची-पलीकडची सारखीच किंचित मऊ आली. तीन फोटो अनंताचे, चार काडेपेट्यांचे. उरलेल्या पाचांत आजी.

दुसरे कॅमेरे असतील तर

लुबिटेलमध्ये पाटी सरकत नाही. दोन्ही लेन्स कडेच्या दातऱ्यांनी एकमेकींत अडकलेल्या असतात आणि एक फिरवली की दुसरी फिरते. लेन्स काढून बसवताना एक दात जरी चुकला तरी जुळणी गेली. तिथेही आधी खालची अनंतावर आणायची, मग वरची स्पष्ट करून दात अडकवायचे. मामियाच्या सी मालिकेत लेन्सची जोडीच बदलता येते. म्हणून एका जोडीवर फोकस चुकत असेल आणि दुसरीवर बरोबर असेल, तर कॅमेरा निर्दोष आहे, त्या जोडीतली वरची लेन्स तपासा.

हे घरी करायचं धाडस नसेल तर करू नका, पण कॅमेरा देताना नुसतं "फोकस चुकतोय" म्हणू नका. माझ्या कॅमेऱ्याच्या चामडी खोक्यात आता एक चिठ्ठी असते: ग्राउंड ग्लासची घासलेली बाजू खाली आहे, खालची लेन्स फिल्मच्या जागी काच ठेवून अनंतावर तपासली आहे, तिला हात लावू नये, वरची लेन्स हलवली तर किती फेरे आणि कुठल्या बाजूला ते याच चिठ्ठीवर लिहावं.